हिशेब बरोबर, उत्तरपत्रिका कोरी

वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम. पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम. गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली. परत किती द्यायचे?

उत्तर १६३. कोलकात्याच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या मुलांकडे संशोधकांची माणसे गिऱ्हाईक बनून गेली आणि मुद्दाम अशाच आडनिड्या मापांची मागणी करत राहिली. जवळजवळ सगळ्या मुलांनी हिशेब तोंडी केला, बरोबर केला आणि मोड परत दिली. मग त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले. कोलकात्यातल्या फक्त ३२ टक्के मुलांना ते जमले.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्ली इथल्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यात होती. त्यांच्याशी तुलना करण्यासाठी आसपासच्या शाळांतली, कधीही विक्रीला न बसलेली ४७१ मुले घेतली होती. गेल्या काही वर्षांत शिक्षणावर झालेल्या संशोधनात आपल्या वर्गखोल्यांना इतका थेट जाब विचारणारे काम मी दुसरे पाहिलेले नाही.

पण असे काही समोर आले की त्यातून दोन सोयीचे निष्कर्ष काढले जातात. एक असा: “बघा, शाळा काय कामाची? पोरगं बाजारात बसलं तर चार पैसेही मिळतात आणि अक्कलही येते.” दुसरा त्याच्या उलट: “हा हिशेब झाला, गणित नव्हे. रोजच्या सवयीने हात बसतो, त्यात बुद्धी कसली?” पहिले बोलणारे स्वतःला व्यवहारी समजतात, दुसरे शिक्षणाचे कैवारी. माझ्या मते दोघेही चुकतात, आणि ही चूक साधी नाही. दोघांचे ऐकले तर शेवट एकच होतो: मूल जिथे बसले आहे तिथेच बसून राहते. पहिला त्याला शाळेबाहेर ठेवतो, दुसरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारून त्याला शाळेच्या आतच बाहेर काढतो.

आधी दुसऱ्याचे पाहू. हे सगळे पाठांतर आहे, असे त्याचे म्हणणे. ही शंका संशोधकांनाही आली होती, आणि म्हणूनच त्यांनी मापे आडनिडी निवडली. रोज पाव किलो, अर्धा किलो तोलणाऱ्या मुलाला ठरलेल्या किमती पाठ असू शकतात. आठशे ग्रॅम आणि चौदाशे ग्रॅमच्या किमतींची बेरीज दोनशेतून वजा करून आलेले उत्तर पाठ नसते. ते एवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्यक्ष विक्री नसलेले, केवळ कल्पनेतले व्यवहारही त्यांनी मुलांना घातले, तेही मुलांनी सोडवले. शेजारचा कोणी मदत करतो का, ओळखीच्या प्रश्नामुळे दडपण कमी होते का, पैशाचे आमिष असल्याने लक्ष जास्त लागते का, हेही तपासले. यांपैकी एकाही कारणाने मुलांच्या कामगिरीचा उलगडा होत नाही. उरते ते एकच: मुलांना हिशेब येतो.

आणि हा हिशेब ‘गणित’ आहे की नाही, ते सोडवूनच बघावे. आठशे ग्रॅम बटाट्यांसाठी तोंडी हिशेब करणारा माणूस सहसा ०.८ गुणिले २० असे मांडत नाही. किलोचे वीस, दोनशे ग्रॅम कमी म्हणजे चार रुपये कमी, राहिले सोळा. कांद्याचे दीड किलोचे होतात साडेबावीस, शंभर ग्रॅमचा दीड रुपया वजा, म्हणजे एकवीस. सोळा आणि एकवीस सदतीस. दोनशेतून सदतीस गेले, १६३. संख्या सोयीची करून घ्यायची, मग जादा झालेले काढून टाकायचे, ही रीत म्हणजे शाळेत पुढे अक्षरे घालून शिकवला जाणारा वितरणाचा नियम. बीजगणितात तो लिहिणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. भाजीच्या गाड्यावर तोच वापरणाऱ्याला सवयीचा हात म्हणायचे, हे मला मान्य नाही.

मराठी माणसाने तर असे म्हणूच नये. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. दोन वाजून तीस मिनिटे झाली असे आपल्याकडे घरात कोणी म्हणत नाही; अडीच वाजले म्हणतात. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आपल्या आजोबा-पणजोबांनी म्हटले. औट म्हणजे साडेतीन, हे आज अनेकांना सांगावे लागते. त्या पाढ्यांत पाठांतराचा जाच होता हे खरे, आणि ते जसेच्या तसे परत आणा असे माझे म्हणणे नाही. पण त्या पाढ्यांतला अपूर्णांक शेरात, हातात आणि रुपयात मोजलेला होता. वर्गातला अपूर्णांक आणि बाजारातला अपूर्णांक वेगवेगळे आहेत अशी समजूत तेव्हा नव्हती. ती नंतर आली, आणि आता ती इतकी पक्की झाली आहे की ‘पावणेदोन’ सहज बोलणारे मूल एक पूर्णांक तीन चतुर्थांश फळ्यावर पाहून गांगरते.

ही गोष्ट भारतापुरतीही नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कराहेर, डेव्हिड कराहेर आणि अनालुसिया श्लिमान यांनी १९८५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ ते पंधरा वर्षांची पाचच मुले, रस्त्यावर नारळ, फळे वगैरे विकणारी. विक्री करताना त्यांना घातलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर आले. तेच हिशेब नंतर शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले तेव्हा ७४ टक्के. निव्वळ आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. मुले तीच होती, आकडेही त्याच तोडीचे होते. बदलली ती फक्त मांडणी. पस्तीस क्रुझेरोचा एक याप्रमाणे चार नारळांचे १४० झाले, हे तोंडी बरोबर सांगणाऱ्या मुलाने कागदावर ३५ गुणिले ४ चे उत्तर २०० लिहिले. चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन त्याने आधी तिनात मिळवले आणि आलेल्या पाचाला चाराने गुणले. हातचा कधी मिळवायचा एवढेच विसरले, आणि पैशाचे भान असलेले मूल कागदावर नारळामागे पन्नासचा भाव लावून मोकळे झाले. नारळ समोर असता तर हे उत्तर त्याने क्षणभरही खपवून घेतले नसते. कागदाने त्याला ती शंका घ्यायलाही शिकवले नव्हते.

आता शिक्षणाच्या कैवाऱ्याने शाळेतल्या त्या ४७१ मुलांकडे वळावे. फळ्यावरच्या साध्या, कोऱ्या आकड्यांच्या गणितांत ही मुले बाजारातल्या मुलांपेक्षा सरस ठरली, हे नोंदवलेच पाहिजे. पण बाजारातल्या एका तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवलेला एक व्यवहारी प्रश्न यांच्यापैकी केवळ एक टक्का मुलांना सुटला. बाकीची कागदावर लांबलचक मांडणी करत बसली, दोन क्रिया एकत्र करताना अडली, आणि उत्तर आले तरी इतक्या उशिरा आले की त्याचा ना दुकानात उपयोग, ना पुढच्या गणितात. म्हणजे शाळेने बाजारातल्या मुलाला गमावले आणि शाळेत नियमित येणाऱ्या मुलालाही अर्धेच गणित दिले. ‘गणितात कच्चा’ हा शेरा मारणारा हात स्वतः किती पक्का आहे, हे या आकड्यांनी दाखवून दिले आहे.

इथे पहिला, बाजाराचा गुणगौरव करणारा, खूश होतो. “म्हणजे मीच बरोबर!” नाही. त्याने तोच अभ्यास पुन्हा वाचावा. बाजारातल्या मुलांना त्याच काठिण्याची, किंबहुना सोपीही गणिते कोऱ्या आकड्यांत सुटली नाहीत. आणि ‘कोरे आकडे’ ही काही शाळेची लहर नाही. पुढचे आयुष्य कोऱ्या आकड्यांनी भरलेले असते. दहा हजारांचे कर्ज, बारा टक्के ‘फ्लॅट’ व्याज, बारा हप्ते. व्याज बाराशे, एकूण ११,२००, महिन्याला सुमारे ९३३ रुपये. हा गुणाकार-भागाकार बाजारातले मूल कदाचित तोंडी करेलही. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, म्हणजे वर्षभर दहा हजार आपल्याकडे नसतातच, म्हणून घटत्या शिल्लकीवर हा दर बारा नव्हे तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो, हे समजायला कागद लागतो, चिन्हे लागतात, शाळा लागते. त्या कागदावर सही किंवा अंगठा करणाऱ्या आईला हे सांगणारे घरात कोणी नसले की फसवणूक करायला कायदा मोडावाही लागत नाही.

बाजार शिकवतो हे खरे, पण बाजार कधी थांबून समजावत नाही. चुकलेल्याचे पैसे जातात, बस्स. आज बटाट्याचा हिशेब येतो म्हणून उद्या टक्केवारी येईल, परवा आलेख वाचता येईल, अशी पायरी बाजारात नसते. आठ वर्षांच्या मुलाला जमलेली गोष्ट अठराव्या वर्षीही तेवढीच राहू शकते. म्हणून या संशोधनाचा आधार घेऊन बालमजुरीची भलामण करणे हा मुलांशी केलेला दगा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावण्याची मुभा ठेवली. त्या एका फटीतून किती दुकाने, किती हातगाड्या आत येतात, हे कोणत्याही शहराच्या मंडईत संध्याकाळी उभे राहिले की दिसते. त्या फटीला आता ‘अनुभवातून शिक्षण’ असे गोंडस नाव मिळू नये.

कोणी इथे नई तालीमचे नाव घेईल. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, हे खरे. पण तिथे टकळी शाळेत आणायची होती आणि सूत कातता कातता लांबी, वजन, मोजणी शिकवणारा शिक्षक समोर बसणार होता. मुलाला टकळीसह शाळेबाहेर पाठवून देण्याची ती योजना नव्हती. काम हे शिकण्याचे साधन करणे आणि मुलाला कामाला लावणे यांत शिक्षकाएवढे अंतर आहे.

तिसराही एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक असल्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवे. “मुलाला मुळात समज आहे ना? मग शाळेत आले की हळूहळू आपोआप जुळेल.” तसे जुळत नाही, यालाही पुरावा आहे. दिल्लीत ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने पूर्वप्राथमिक वयाच्या सुमारे दीड हजार मुलांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेल्के आणि डुफ्लो त्यातही होत्या. मुलांना संख्यांचा अंदाज आणि आकारांची ओळख वाढवणारे खेळ दिले. खेळांमुळे ही उपजत समज वाढली, आणि खेळ थांबल्यानंतरही वर्षभराहून अधिक टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेतल्या अंकांच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपसूक पोचत नाही, हे मानसशास्त्राला नवीन नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच ते दाखवले होते. नदीच्या दोन्ही काठांवर गावे वसली म्हणून पूल उभा राहत नाही. तो कोणीतरी बांधावा लागतो, आणि इथे ते काम शिक्षकाचे, पाठ्यपुस्तकाचे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे आहे.

“पाठ्यपुस्तकात शाब्दिक उदाहरणे आहेतच की!” आहेत. पण कुठे आहेत ते पाहा. आधी रीत, मग रीतीचे सोडवलेले उदाहरण, मग कोऱ्या आकड्यांचा सरावसंच, आणि सर्वांत शेवटी दोन-चार शाब्दिक उदाहरणे. तोवर मुलाला कळलेले असते की हा धडा गुणाकाराचा आहे. वाक्यातले दोन आकडे उचलायचे आणि गुणायचे. कांदे आहेत की कोंबड्या, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या मुलांनी ओळखीच्या संदर्भात घातलेले तोंडी प्रश्न चांगले सोडवले, ही या अभ्यासातली सर्वांत आशेची नोंद आहे. पुलाचा पहिला खांब तिथेच आहे. आपण मात्र तो धड्याच्या शेवटी, वेळ उरला तर, असा ठेवतो.

शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडणे हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातल्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी पहिलेच तत्त्व. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी घरोघरी छोटे उद्योग चालणाऱ्या वस्तीतल्या मुलांना पैशांचे, मापांचे काय काय येते, याचा बारकाईने अभ्यास केला आहे. म्हणजे तत्त्व आपल्याकडे आहे, अभ्यासही आपल्याकडे आहेत. अडले आहे ते फळ्याशी आणि उत्तरपत्रिकेशी.

“आता फोनवर पैसे जातात, हिशेब कोण करतो?” असेही म्हटले जाते. यंत्र बेरीज करील. पण बेरीज कशाकशाची करायची हे माणसालाच सांगावे लागते, आणि चुकून एक शून्य जास्त पडले तर ते खटकायला संख्येचा अंदाज असावा लागतो. तोंडी हिशेब करणाऱ्या मुलाकडे तो आहे. कागदावरच शिकलेल्या मुलाकडे तो बहुतेकदा नाही. यंत्रांच्या काळात तर तो अधिकच लागतो.

मग करायचे काय? यासाठी नवे मंडळ नको, नवी योजना नको. शिक्षकाने वर्गात धड्याची सुरुवात हिशेबाने करावी आणि उत्तर देणाऱ्या मुलाला विचारावे: “कसं काढलंस?” तो म्हणेल, किलोचे वीस, चार वजा. तेच शब्द फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत. मग त्याच्याखाली २० − ४ लिहावे, त्याखाली २० × (१ − ०.२) लिहावे, आणि सांगावे की तू केलेस ते हेच. मुलाच्या रीतीपासून चिन्हापर्यंत ही तीन ओळींची वाट आहे. ज्याने कधी काही विकले नाही त्या मुलाला उलट दिशेने न्यावे: आधी अंदाज सांग, मग मांड, मग अंदाजाशी ताडून पाहा. परीक्षेत वेगळ्या रीतीने आलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण द्यावेत आणि तोंडी हिशेबाला खऱ्या अर्थाने गुण ठेवावेत. पट मोठा असतो, अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे मी जाणतो. पण ज्या अभ्यासक्रमाने बाजारातल्या तीनपैकी दोन मुलांना साधा भागाकारही दिला नाही, तो वेळेत ‘संपवला’ म्हणजे नेमके काय झाले, याचेही उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शिक्षणात काय असावे हेही सांगितले होते. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता येणे, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. कष्टकऱ्याच्या मुलाने शाळेत यावे आणि शाळेने त्याच्या जगण्याला हात घालावा, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. आपण त्यांतली एकेक घेऊन आपसांत भांडतो आहोत: कोणी म्हणतो शाळा हवी, कोणी म्हणतो जगणे हवे. फुल्यांना दोन्ही हवे होते, आणि मुलालाही दोन्ही हवे आहे.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘गणितात कच्चा’ असे लिहिण्याआधी, किंवा लिहिलेले खरे मानण्याआधी, त्याला एकदा आठशे ग्रॅम बटाट्यांचा हिशेब तोंडी घाला, आणि उत्तर ऐकून झाल्यावर विचारा, कसं काढलंस. त्यानंतरही तो शेरा मारायचा असेल, तर तो कोणाच्या नावापुढे मारायचा हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.